भिंतीवरच्या घोड्यापासून ब्राँझच्या घोड्यापर्यंत : शिल्पकार वि. पां. करमरकर

काकती म्हटले की आपल्याला राणी चन्नम्मा आठवतात. 1778 साली त्यांचा जन्म इथलाच. घोड्यावर बसलेली राणी आपली मुले लहानपणापासून पाहतात. पण असा धातूचा घोडा आणि त्यावरचा स्वार घडवतो कोण, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो. म्हणून या वेळी अशाच एका थोर मराठी शिल्पकाराची ओळख करून घेऊ.

विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म 1891 साली अलिबागजवळच्या सासवणे या गावी झाला. घरात गणपतीच्या मूर्ती घडत, त्यामुळे मातीशी ओळख लहानपणीच झाली. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी घोड्यावर बसलेल्या शिवरायांचे चित्र काढले होते. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी ते पाहिले, मुलाची चौकशी केली आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवण्याची व्यवस्था केली. ते चित्र त्यांच्या नजरेस पडले नसते, तर हा हात गावातच राहिला असता.

शिक्षणानंतर रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या आग्रहाने करमरकर कोलकात्याला गेले. 1920 साली ते इंग्लंडला गेले, लंडनच्या रॉयल अकादमीत शिकले. धातूच्या ओतकामाचे ज्ञान घेऊन ते परतले.

त्यांचे सर्वांत मोठे काम पुण्यात आहे, आणि त्याचे मूळ आपल्या शेजारच्या कोल्हापुरात. पुण्यात शिवरायांचे स्मारक व्हावे ही राजर्षी शाहू महाराजांची इच्छा. 1921 साली इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते पायाभरणी झाली, पण पुढच्याच वर्षी महाराज गेले. अपुरे राहिलेले हे काम पुढे करमरकरांच्या हाती आले. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा अश्वारूढ पुतळा त्यांनी एकसंध ओतायचे ठरवले. तुकडे करून जोडले असते तर एखादा बिघडला तरी दुसरा करता येतो. इथे वितळलेला धातू मध्येच थंड झाला असता, तर सारी मेहनत एका दिवसात वाया गेली असती. मुंबईच्या माझगाव गोदीत हे ओतकाम पार पडले. जून 1928 मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण झाले. देवळाच्या भिंतीवर कोळशासारख्या साध्या साधनाने नव्हे, तर आता धातूत तोच स्वार उभा राहिला.

एवढे नाव झाल्यावरही त्यांचे मन कोळीण, शेतकरी, गुरेढोरे यांत रमले. शंख फुंकणाऱ्या स्त्रीचे 'शंखध्वनी' हे त्यांचे शिल्प विशेष गाजले. सिमेंटमध्येही त्यांनी अस्सल जिवंतपणा आणला. भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. 1967 साली त्यांचे निधन झाले.

सासवण्याचे त्यांचे घर आज शिल्पसंग्रहालय आहे. तिथली सिमेंटची म्हैस पाहून लहान मुले हात लावून खात्री करतात.

आपल्या महामार्गाने निपाणी, कोल्हापूर करत पुण्याला जाणे आपल्याला नवे नाही. पुढच्या खेपेला शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला तो पुतळा मुलांना जरूर दाखवावा. सुट्टीत जमल्यास सासवण्यालाही जाऊन यावे. आणि घरातले एखादे मूल भिंतीवर रेघोट्या ओढत असेल, तर रागावण्याआधी त्याने काय काढले आहे ते एकदा पाहावे, एवढीच आमची विनंती.