शिवणातला ‘गायब’ दोरा कुठून आला? वॉलेस कॅरोदर्सची गोष्ट

पॅचवर्कच्या किंवा गोधडीच्या रील्स बघताना तुमच्या लक्षात आलं असेल. मशीन चालतंय, सुई वरखाली होतेय, तुकडा घट्ट बसतोय, पण टाका काही दिसत नाही. ही एडिटिंगची कमाल नाही. वर लावलेला असतो तो नायलॉनचा पारदर्शक दोरा, म्हणजे मासेमारीच्या तंगुसाचाच बारीक भाऊ. जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. साधा दोरा अनेक तंतूंना पीळ देऊन बनतो, हा मात्र एकच अखंड तंतू असतो. प्रकाश त्यातून आरपार जातो आणि आपल्याला खालच्या कापडाचाच रंग दिसतो.

घरच्या मशीनवर हा दोरा पहिल्यांदा लावला की तो चांगलाच छळतो. ताणला जातो, रिळावरून उसळून खाली गळतो, कापडाला चुण्या पाडतो, गरम इस्त्री लागली की आकसतो. या खोड्या समजून घ्यायच्या तर ज्याच्या प्रयोगशाळेत नायलॉन जन्माला आलं, त्या माणसाकडे जावं लागेल.

वॉलेस ह्यूम कॅरोदर्स यांचा जन्म २७ एप्रिल १८९६ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टन गावचा. वडील कॉमर्स कॉलेजात शिकवायचे, म्हणून पोरानेही आधी तिथेच हिशेबाचं शिक्षण घेतलं. मग मिसुरीतल्या टार्किओ या छोट्या कॉलेजात गेले. तिथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक नोकरी सोडून गेले, तेव्हा कॉलेजने शिकवायचं काम थेट कॅरोदर्स यांच्यावरच सोपवलं. ते स्वतः अजून विद्यार्थी होते! पुढे १९२४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट आणि १९२६ मध्ये हार्वर्डला शिकवायची नोकरी.

त्याच सुमारास ड्यूपाँ ही केमिकल कंपनी मूलभूत संशोधनासाठी माणसं शोधत होती. कॅरोदर्स यांनी आधी नकार दिला. त्यांना तरुणपणापासून नैराश्याचे झटके यायचे आणि कंपनीच्या वातावरणात ते आपल्याला झेपेल का, ही भीती त्यांनी कंपनीला मोकळेपणाने कळवलीही होती. कंपनीने पिच्छा सोडला नाही. १९२८ मध्ये ते डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला दाखल झाले.

तेव्हा रसायनशास्त्रात एक मोठा वाद पेटला होता. रेशीम, रबर, कापूस हे पदार्थ म्हणजे नेमकं काय? जर्मनीचे हर्मन श्टाउडिंगर म्हणत होते की यांचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या आहेत. बऱ्याच जणांना ते पटत नव्हतं. कॅरोदर्स यांनी ठरवलं, वाद घालण्यापेक्षा अशी साखळी स्वतःच बांधून दाखवू. आयडिया सोपी होती. दोन्ही टोकांना ‘हूक’ असलेले छोटे रेणू घ्यायचे आणि एकात एक अडकवत जायचं.

पण साखळी ठराविक लांबीपुढे वाढेचना. कारण प्रत्येक कडी जुळताना पाण्याचा एक रेणू सुटायचा, आणि तेच पाणी उलट फिरून कड्या तोडायचं. मग टीमने खास उपकरण वापरून ते पाणी बाहेर ओढून काढायला सुरुवात केली. आणि साखळ्या वाढल्या!

एप्रिल १९३० मध्ये त्यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी अशाच एका वितळलेल्या पॉलिएस्टरमध्ये काचेची कांडी बुडवून वर ओढली, तर मागोमाग तंतू निघाला. थंड झाल्यावर तो पुन्हा ओढला, तर तो कित्येक पट लांब झाला, चकाकायला लागला आणि पहिल्यापेक्षा मजबूत झाला. विस्कटलेल्या साखळ्या ओढल्यामुळे एका दिशेत, शेजारी शेजारी लागल्या होत्या. (त्याच महिन्यात याच गटात कृत्रिम रबर, म्हणजे निओप्रीनही सापडलं. एवढा लकी महिना फार कमी प्रयोगशाळांच्या वाट्याला येतो.)

आता मशीनकडे या. कारखान्यात इतका ओढूनही दोऱ्यात थोडी लवचीकता उरतेच. टेन्शन जास्त ठेवलं, तर दोरा ताणलेल्या अवस्थेत शिवला जातो. मशीनवरून कापड काढलं की तो मूळ लांबीवर येतो आणि कापड गोळा होतं. म्हणून वरचं टेन्शन नेहमीपेक्षा कमी करा, सुई बारीक घ्या (६० किंवा ७० नंबर) आणि बॉबिनमध्ये साधा सुती किंवा पॉलिएस्टर दोराच भरा. बॉबिनमध्येही हाच हवा असेल, तर हळू भरा आणि अर्ध्यावर थांबा. आधी चिंधीवर दोन ओळी शिवून बघा, मगच चांगल्या कापडाला हात लावा.

हिल यांच्या त्या तंतूत मात्र एक मोठा दोष होता. तो फार कमी तापमानाला वितळायचा. जे कापड गरम पाण्यात धुता येत नाही, इस्त्री करता येत नाही, ते विकणार कसं? काही काळ काम थंडावलं. मग कॅरोदर्स वेगळ्या रसायनांकडे, पॉलिअमाइडकडे वळले. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी त्यांच्या गटात जे पॉलिअमाइड तयार झालं, त्याच्या दोन्ही घटकांत सहा-सहा कार्बन होते. हेच नायलॉन ६,६. वितळबिंदू सुमारे २६० अंश सेल्सिअस.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, आता सगळं छान चाललं असेल. १९३६ मध्ये हेलन स्वीटमन यांच्याशी लग्न झालं. त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवड झाली. उद्योगात काम करणाऱ्या सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. पण आतून आजार वाढतच होता. आपल्या हातून काहीच झालं नाही, आता नवं सुचतही नाही, असं त्यांना खरोखर वाटत होतं. त्याच उन्हाळ्यात त्यांना रुग्णालयात राहावं लागलं. नैराश्यावर आजच्यासारखी औषधं तेव्हा नव्हती. जानेवारी १९३७ मध्ये लाडकी बहीण इसोबेल गेली. २९ एप्रिल १९३७ रोजी, ४१ वा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, कॅरोदर्स यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यांची मुलगी जेन त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये जन्मली. (तुमच्या किंवा जवळच्या कुणाच्या मनात असं काही घोळत असेल, तर १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा फ्री नंबर आहे. फोन लावा.)

‘नायलॉन’ हे नाव लोकांनी ऐकलं ते ऑक्टोबर १९३८ मध्ये. बाजारात आधी आले टूथब्रशचे केस, तेही एकेरी तंतूचेच, म्हणजे आपल्या दोऱ्याचे जाडे नातेवाईक. १५ मे १९४० ला अमेरिकाभर नायलॉनचे स्टॉकिंग्ज विकायला आले आणि दुकानांपुढे रांगा लागल्या. युद्धात हेच नायलॉन पॅराशूटसाठी वळवलं गेलं.

आणि तो रखडलेला पॉलिएस्टर? १९४१ मध्ये ब्रिटनच्या व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी कॅरोदर्स यांच्याच कामाचा धागा उचलून, वेगळं आम्ल वापरून, उष्णता सोसणारा पॉलिएस्टर बनवला. आज पारदर्शक दोरा दोन्ही प्रकारांत मिळतो. नायलॉनचा मऊ असतो, पण वितळायच्या बराच आधी मऊ पडून आकसतो आणि काळाने पिवळा पडू शकतो. पॉलिएस्टरचा इस्त्री जरा जास्त सोसतो. रिळावरचं लेबल वाचूनच घ्या, आणि दोरा कुठलाही असो, इस्त्री कमी उष्णतेवर, वर सुती फडकं टाकूनच फिरवा.