टाकळघाटची दगडी वर्तुळे व हिस्लॉप साहेब

ज्या मंदिरात एके काळी उपासना चालत असे, ते ओस पडून आवारात गवत माजले म्हणजे तेथे भुताचा वास आहे असे गावकरी म्हणू लागतात. आणि खेदाची गोष्ट ही की, आपले ख्रिस्ती बंधूही दिवेलागणीनंतर ती वाट टाळतात. यवतमाळ जिल्ह्यातील वाचकांस हे नवे नाही. त्यांच्या शेजारच्याच प्रांती, मेलेल्यांच्या जागा निर्भयपणे उकरून पाहणारा एक प्रभूचा सेवक होऊन गेला.

रेव्ह. स्टीफन हिस्लॉप ह्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडातील डन्स गावी झाला. फ्री चर्चच्या वतीने ते १८४५ साली नागपुरास आले. तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. पुढील वर्षी त्यांनी शाळा काढली. १८४७ साली रेव्ह. रॉबर्ट हंटर त्यांस येऊन मिळाले, व उभयतांनी त्या मुलखातील खडकांचा व खडकांत सापडणाऱ्या प्राचीन जीवांच्या अवशेषांचा शोध केला. उपदेशकाने दगड गोळा करावेत हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. पण देवाने निर्मिलेली वस्तू न्याहाळणे हे काही उपदेशकास लांच्छन नव्हे. गोंड लोकांचे शब्द, गीते, दैवते व प्रेतसंस्कार हेही त्यांनी टिपून ठेविले.

नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. त्यांच्या पोटी फार जुनी थडगी आहेत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ती पाहण्यास हिस्लॉप साहेब टेंपल साहेबांबरोबर गेले. टेंपल हे तेव्हा मध्यप्रांताचे मुख्य अधिकारी होते. पाहणी आटोपल्यावर टेंपल बोरीच्या मुक्कामी परतले. हिस्लॉप मात्र गावच्या शाळेची परीक्षा घेण्याकरिता मागे राहिले. परत येता अंधार पडला होता, आणि सकाळी उतार असलेला ओढा पावसाने भरून आला होता. घोडा एकटाच मुक्कामी आला. शोध करिता साहेबांचे प्रेत पाण्यात सापडले. शेहेचाळिसावे वर्ष पुरे होण्यास चारच दिवस उरले होते.

कोणी म्हणेल, थडग्यांस हात लाविला म्हणून हे फळ मिळाले. परंतु साहेबांस उशीर झाला तो थडग्यांपाशी नव्हे. तो मुलांचे धडे ऐकण्यात झाला. आणि त्यांचा प्राण घेतला तो पुराने. दर पावसाळ्यात आपल्याकडील नाल्यांत माणसे जातात ती ह्याच रीतीने, अंधारात पाण्याचा अंदाज चुकल्यामुळे.

त्यांचे गोंडांविषयींचे लेख टेंपल साहेबांनी १८६६ साली छापविले. नागपुरातील महाविद्यालयास १८८३ पासून त्यांचे नाव आहे. टाकळघाटास १९६८-६९ साली नागपूर विद्यापीठाच्या संशोधकांनी पुन्हा खणले, तेव्हा त्यांस मातीची भांडी व लोखंडाची हत्यारे मिळाली.