समजून घ्या : व्यापारासाठी इंग्रजांनी १७३९ मध्ये दोन दूत का पाठवले?

छत्रपती संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज १६८२ मध्ये जन्मले. बालपणीच ते मोगलांच्या कैदेत गेले, १७०७ मध्ये सुटले. १७०८ मध्ये साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. पुढे कारभार पेशव्यांच्या हाती एकवटत गेला.

१७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली आणि मुंबईचे इंग्रज धास्तावले. कॅप्टन गॉर्डन शाहू महाराजांकडे निघाला. महाराज तेव्हा मिरजेच्या मोहिमेवर होते. दरबारात पेशव्यांचे विरोधक कोण, हेही त्याला हेरायचे होते. कॅप्टन इंचबर्ड वसईला चिमाजी आप्पांकडे गेला.

इंग्रजांना मराठी मुलखात व्यापाराची मोकळीक देणारा तह ठरला, तो चिमाजी आप्पांशी. गादी साताऱ्याची, निर्णय मात्र पेशव्यांचा, हे इंग्रजांनी हेरले होते. १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले.