मिस सिंथिया फॅरार

पुण्याच्या भिडेवाड्यांत १८४८ सालीं मुलींची शाळा निघाली, हें आमच्या बालवाचकांस ठाऊकच आहे. पण तिच्या प्रेरणेचा एक झरा नगरास होता, हें थोड्यांस माहीत असेल.

मिस सिंथिया फॅरार यांचा जन्म १७९५ सालीं अमेरिकेंत झाला. १८२७ च्या अखेरीस त्या मुंबईस आल्या. अविवाहित स्त्रीनें समुद्रापार मिशनकार्यास जावें, ही गोष्ट त्यांच्या देशबांधवांसहि नवीच होती. मराठी शिकून त्यांनीं मुलींच्या शाळा चालविल्या. प्रकृतीकरितां मायदेशीं जाऊन त्या १८३९ सालीं परतल्या, त्या नगरासच राहिल्या.

मुलगी वाचूं लागली कीं तिला वैधव्य येतें, अशी त्या काळीं समजूत होती. लग्न होतांच पुष्कळ मुली शाळेंतून काढल्या जात. मग शिकविणारीस पुन्हां मुळाक्षरांपासून आरंभ करणें भाग पडे. आम्हां शिक्षकांच्या अंगीं एवढी चिकाटी असती काय, अशी शंका येते!

पुण्याच्या स्कॉटिश मिशनशाळेंत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनीं नगरची ही शाळा पाहिली, आणि घरीं परतून भिडेवाड्यांतील शाळा काढली. तेथें सावित्रीबाई शिकवूं लागल्या.

मिस फॅरार १८६२ सालीं नगरासच निवर्तल्या.