कोनाईचा पंजा आणि हर्शेलसाहेब

फायनल इयरला आमच्या चौघांच्या ग्रुपने प्रोजेक्ट घेतला होता : होस्टेलच्या दारात बोटाचा ठसा ओळखून आपोआप उघडणारं गेट. चालत यायचं, बोट टेकवायचं, फ्लॅप बाजूला, की आत! वर्गातल्या पोरांवर टेस्टिंग झालं, सरही खूश. मग एका पहाटे मेसच्या मावशींना उभं केलं. पाच वेळा लाल दिवा. मावशी बिचाऱ्या बोट पदराला पुसून पुन्हा पुन्हा टेकवतायत, मागे रांगेतली पोरं हसतायत. शेवटी त्यांनी मला विचारलं, की मी काय चोरीबिरी केलीय का रे?

त्या रात्री झोप लागली नाही. हे ठशांचं खूळ मुळात काढलं कुणी, ते बघायला लायब्ररीत बसलो आणि विल्यम जेम्स हर्शेल भेटले.

घराणं आकाशात रमणारं. आजोबांनी १७८१ मध्ये युरेनस शोधला. वडील जॉन हर्शेल हेही खगोलशास्त्रज्ञ. आपल्या सिनियर पिढ्यांनी ज्या ब्लू प्रिंटवर डोळे फोडले, त्यामागची सायनोटाइपची पद्धत त्यांचीच, १८४२ ची. विल्यम १८३३ मध्ये जन्मले आणि १८५३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालला आले. साहेब झाले म्हणा ना.

जुलै १८५८. मुक्काम जंगीपूर. रस्त्यासाठी २,००० मण खडी हवी होती, कंत्राटदार राज्यधर कोनाई. करार कोनाईने स्वतःच्या हाताने बंगालीत लिहिलेला, म्हणजे माणूस अंगठेबहाद्दर नव्हता! पण सही करून उद्या ती माझी नव्हेच म्हणाला तर? साहेबांच्या मनात शंका. त्यांनी शिक्क्याची तेलकट शाई कोनाईच्या तळव्याला आणि बोटांना फासली आणि अख्खा पंजा करारामागे उमटवला. शास्त्रबिस्त्र काही नाही, नुसता वचक बसवायचा होता. गंमत पुढेच आहे. साहेबांनी स्वतःचाही पंजा दुसऱ्या कागदावर उमटवला, आणि दोघं हस्तरेषांवरून थट्टा करत ते ठसे ताडून बघत बसले. १८५७ नंतर जेमतेम वर्षभरात हे घडलंय, हे लक्षात घ्या.

पुढे त्यांना छंदच जडला. स्वतःचे, मित्रांचे, जो सापडेल त्याचे ठसे! तीच माणसं वर्षांनी भेटली की पुन्हा ठसे. अशानेच कळलं, की माणूस बदलला तरी बोटावरच्या रेषा बदलत नाहीत. आपण सेमिस्टरभराच्या डेटावर ग्राफ काढतो, या गृहस्थाने अर्धशतक काढलं.

१८७७ मध्ये हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना त्यांनी ठसे रोजच्या कारभारात आणले. पेन्शनर मेल्यावर दुसराच कुणी त्याच्या नावावर पैसे उचलू नये म्हणून पेन्शनला, शिवाय दस्तनोंदणीला आणि तुरुंगात. हीच पद्धत इतरत्र लावा म्हणून वर पत्रही लिहिलं. वरून थंडा प्रतिसाद! (आपल्याकडे प्रोजेक्ट प्रपोजलचं होतं तसंच.) १८७८ मध्ये ते इंग्लंडला परतले.

१८८० मध्ये हेन्री फॉल्ड्स या डॉक्टरने 'नेचर'मध्ये ठशांवर पत्र छापलं, पुढच्याच महिन्यात हर्शेलचं आलं, आणि पहिला कोण या वादात फॉल्ड्सचा जन्म गेला. हर्शेलनी आपला संग्रह गाल्टनला देऊन टाकला. त्याचं पुस्तक १८९२ मध्ये आलं. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचा विभाग निघाला. वर्गीकरणाच्या पद्धतीला नाव लागलं एडवर्ड हेन्री या साहेबाचं. गणित बसवायला राबले अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस. मला हे अजूनही खटकतं.

हुगळीच्या पेन्शनरचा विचार करताना आमची चूक सापडली. तो आधी नाव सांगायचा, मग त्याचा ठसा त्याच्याच जुन्या ठशाशी ताडायचे. एकास एक. आमचं गेट मात्र नाव न विचारता सगळ्या होस्टेलच्या ठशांत शोधत बसायचं. यादी जितकी मोठी, तितकी चुकून दुसऱ्याशी जुळायची भीती जास्त, म्हणून आम्ही जुळणीची अट कडक ठेवली होती. वर्षानुवर्षं भांडी घासून झिजलेली बोटं त्या अटीत बसणार कशी? आणि टेस्टिंगला घेतलेली आमची बोटं तर पेनशिवाय काही न धरणारी!

मग डिझाइन बदललं. आधी कार्ड, मग बोट, म्हणजे एकास एक, आणि अट सैल. नोंदणी दहाही बोटांची. लाइट गेली की फ्लॅप आपोआप उघडा. शेजारी एक साधं फाटक आणि तिथे वॉचमनकाका.

हर्शेलनी १९१६ मध्ये, ८३ व्या वर्षी, आपल्या ठशांची हकिगत छापली. त्यात १८५९ चा स्वतःचा ठसा आणि ५७ वर्षांनंतरचा. रेषा त्याच. पुढच्या वर्षी ते गेले.

मावशींना परत बोलवायला मीच गेलो, आधी माफी मागितली. उजव्या हाताच्या एकाही बोटाने दाद दिली नाही. डाव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका टेकवली आणि हिरवा दिवा लागला. मावशी आत गेल्या, पोळ्यांना उशीर होत होता.