बर्ट मन्रो : जुन्या दुचाकीचा वेगवेडा

यवतमाळ : जुन्या राजदूत वा येझदीचे इंजिन उघडून त्यातून आणखी थोडा वेग मिळवू पाहणारे हौशी आपल्याकडे कमी नाहीत. या मंडळींनी न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

इन्व्हरकार्गिल परिसरात १८९९ मध्ये जन्मलेल्या मन्रो यांनी १९२० मध्ये 'इंडियन स्काउट' ही मोटारसायकल घेतली. नावात 'इंडियन' असले, तरी कंपनी अमेरिकन. इंजिन ६०० सीसीचे आणि वेग ताशी जेमतेम ८८ किलोमीटर. १९२६ पासून त्यांनी तिच्यात बदल करण्यास प्रारंभ केला तो आयुष्यभरासाठी.

मोटारसायकली विकायच्या व दुरुस्त करायच्या, आणि रात्री स्वतःच्या गाडीवर काम करायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. तयार सुटे भाग घेण्याइतका पैसा नव्हता. म्हणून जुन्या डब्यांत धातू ओतून पिस्टन घडवले, ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून कनेक्टिंग रॉड कोरले. सिलिंडर मोठे करीत इंजिनाची क्षमता ९५० सीसीपर्यंत नेली. मूळचे बाजूचे व्हॉल्व्ह वर आणले. वारा कापण्यासाठी गाडीभोवती निमुळते कवच चढवले. इंजिन अनेकदा फुटले. निकामी झालेले भाग ते टाकून देत नसत. वेगाच्या देवतेला वाहिलेला नैवेद्य म्हणून फळीवर मांडून ठेवीत. या ध्यासाची किंमत लहान नव्हती. १९४७ मध्ये घटस्फोट झाला. पुढे नोकरीही सोडून ते शेडमध्येच राहू लागले.

अमेरिकेतील बॉनव्हिलच्या क्षारमैदानावर ते १९६२ मध्ये उतरले, तेव्हा वय ६३ होते. तेथे त्यांनी ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६७ मध्ये, ६८व्या वर्षी, एक हजार सीसीखालील गटात ताशी २९५.४५ किलोमीटरची नोंद झाली. गाडी तेव्हा ४७ वर्षांची होती. एवढ्या वेगात ती डोलू लागली, तर कवचात बंदिस्त असलेल्या चालकाला उडी मारण्याचीही सोय नव्हती.

हृदयविकाराने ६ जानेवारी १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. २००५ मध्ये 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' या चित्रपटात अँथनी हॉपकिन्स यांनी त्यांची भूमिका साकारली. १९६७ च्या सरासरीतील हिशेबाची चूक पुढे त्यांच्या मुलाच्या लक्षात आली आणि २०१४ मध्ये, मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, विक्रमाचा आकडा २९६.२६ असा दुरुस्त करण्यात आला.