मगनवाडीचे ख्रिस्तभक्त कुमारप्पा

नाताळाच्या मंगल पर्वावर आम्हांस वर्ध्याच्या मगनवाडीचे स्मरण होते. सिंदी मेघेच्या शेजारची ही भूमी जे. सी. कुमारप्पा या ख्रिस्तभक्ताची कर्मभूमी होय.

4 जानेवारी 1892 रोजी तंजावरच्या श्रद्धाळू ख्रिस्ती घराण्यात ते जन्मले. लंडनला हिशेबतपासनीस होऊन ते मुंबईत साहेबी थाटात राहू लागले. पुढे अमेरिकेत शिकताना हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे मूळ परकीय राज्यकारभारात त्यांना दिसले. 1929 साली गांधीजींची भेट झाली आणि जीवनाची दिशा पालटली.

1930 च्या सत्याग्रहात अहिंसेच्या बाजूने उभे न राहणाऱ्या धर्माधिकाऱ्यांशी त्यांनी वाद मांडला. धर्मपीठांची सत्तेशी जवळीक त्यांना रुचेना. येशूची शिकवण मात्र अधिकच जवळची झाली. 1934 च्या अखेरीस स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाची धुरा त्यांनी मगनवाडीत वाहिली. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांतून गरिबास भाकर मिळावी, हीच त्यांची उपासना. बेचाळीसच्या लढ्यानंतर जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी येशूच्या आचार-उपदेशावर ग्रंथ लिहिला. घरातून लाभलेली श्रद्धा अशी कर्माच्या वाटेने नव्याने उजळली. 30 जानेवारी 1960 रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीसच, त्यांनी देह ठेवला.

दीनांची सेवा हीच देवपूजा, हे आपल्या संतांचेही सांगणे. देवघरात सांजवात लावताना या शेजारधर्मी भक्तासही आम्ही वंदन करतो.